गमरे काकांचे पेशंट

परवा आमच्या फिल्म कॅमेरावाल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका नवीन मुलीने फोटो टाकला. बदलापूरचीच आहे, उल्हास नदीवर काढलेला, रोलवरचा. खाली लिहिलं होतं, प्लीज क्रिटिक करा, मी मनाला लावून घेत नाही. अर्ध्या तासात सगळ्यांनी 'मस्त' टाकून झालं. मीपण 'मस्त' टाइप केलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं, कारण एकदम गमरे काका आठवले. काकांच्या गच्चीवर जो 'मस्त' म्हणेल त्याला खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा करायला लागायचा. पहिले दोन महिने बहुतेक मीच केलाय चहा.

तर त्यांच्याबद्दलच लिहितेय. कामावरून आल्या आल्या लिहायला बसलेय, त्यामुळे मागेपुढे होईल थोडं, सांभाळून घ्या.

दौलत गमरे. अंबरनाथ ईस्टला, बुद्धविहाराच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, सगळ्यात वरचा मजला. एका हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात अठ्ठावीस वर्षं एक्स-रे काढायचं आणि डार्करूममध्ये ते धुवायचं काम केलं. म्हणजे लोक अंबरनाथमध्ये उन्हात कामाला जायचे तेव्हा हे लाल बल्बखाली दुसऱ्यांची हाडं धुवायचे, हे त्यांचंच वाक्य. मग हॉस्पिटलमध्ये सगळं कॉम्प्युटरवर आलं, डार्करूमला टाळं लागलं आणि काकांना शेवटची दोन वर्षं केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. त्या दोन वर्षांबद्दल ते काहीच बोलायचे नाहीत. काकू बोलायच्या. म्हणायच्या, तिथून घरी आले की हे सगळे दिवे बंद करून बसायचे.

मी त्यांच्याकडे पोचले ते माझ्या मामाच्या जुन्या कॅमेऱ्यामुळे. मामाने माळ्यावरून काढून दिला, मी लगेच ऑनलाइन एक रोल मागवला, बदलापूर गावात फिरून छत्तीस फोटो काढले आणि मग कळलं की रोल धुऊन द्यायला इकडे कोणीच नाही. स्टेशनजवळचा एक फोटोवाला हसला आणि म्हणाला, अंबरनाथला एक वेडा म्हातारा आहे, त्याच्याकडे जा. मी आनंदनगरला एका कंपनीत डिस्पॅचला आहे, तर अंबरनाथ रोजचंच. शनिवारी सुटल्यावर गेले.

दार उघडलं त्यांनी. बारीक, उंच, पांढरा शर्ट आत खोचलेला, घरात असून. माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या रोलकडे बघून म्हणाले, "पेशंट हाच का? आत आण."

त्यांच्याकडे प्रत्येक फोटो पेशंट होता. एक्स-रेची सवय. निगेटिव्ह चिमट्याने कडेला धरायचे, खिडकीसमोर उचलायचे, मान जरा मागे, आणि विचारायचे, काय तक्रार आहे पेशंटची? म्हणजे हा फोटो तू का काढलास. मला वाटायचं निगेटिव्हवर काय कळतं, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं, माणसांचे चेहरे भुतासारखे. काका ते वाचायचे. बाईच्या साडीचा रंग सोडून सगळं सांगायचे. आणि मग निदान. "हाड नाही ह्यात." हे सगळ्यात वाईट. ज्या फोटोत हाड नाही तो कितीही गोड असला तरी मेलेला. "मांस खूप आहे" म्हणजे फ्रेममध्ये उगाच पसारा. आणि क्वचित, अगदी क्वचित, "जगेल." बस. ह्याच्यावर काही नाही. माझा एक फोटो जगेल म्हणाले होते तेव्हा मी रिक्षात बसून आईला फोन केला होता.

माझ्या त्या पहिल्या रोलमध्ये एक फोटो होता, गावातला एक म्हातारा ओट्यावर बसून पायाला तेल लावतोय. मला वाटलेलं हा भारीच आलाय. काकांनी बघितला आणि विचारलं, तू किती लांब उभी होतीस? मी म्हटलं, असेन पंधरा-वीस फूट.

"घाबरलीस?"

"नाही, त्यांना डिस्टर्ब नको म्हणून."

"म्हणजे घाबरलीस. बाळा, मी एक्स-रे लांबून काढला असता तर डॉक्टरला काय दिसलं असतं? पेशंटचा बिछाना."

काकू आतून म्हणाल्या, अहो, पोरीला आधी पाणी तरी द्या, मग तिची हाडं मोडा.

दर दुसऱ्या रविवारी सकाळी गच्चीवर आम्ही जमायचो. आम्ही म्हणजे मी, सुमित आणि हरेश. सुमित अंबरनाथचाच, मोबाइल रिपेअरिंग करतो, तोंडाचा फटकळ. हरेश उल्हासनगर कॅम्प पाचचा, सिंधी, वडलांचं जीन्सच्या बटणांचं आणि चेनचं दुकान. हरेशचं मराठी एकदम आपल्यासारखं, फक्त चिडला किंवा रडायला आला की हिंदीत जातो. गच्चीवर नियम तीन. ज्याचा फोटो आहे त्याने गप्प बसायचं, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंडातून शब्द नाही. सुरुवात वयाने सगळ्यात लहान असेल त्याने करायची, म्हणजे मी, कारण मोठ्यांचं ऐकून मग लहान तेच बोलतात असं काकांचं म्हणणं. आणि निगेटिव्हवर फोन धरायचा नाही. आजकाल सगळे टॅबलेटवर पांढरा उजेड लावून वर निगेटिव्ह ठेवतात आणि फोनने फोटो मारून पोस्ट करतात. काकांना ते चालायचं नाही. आधी हाताने प्रिंट, मग जगाला दाखवा.

तरी सुमितने एकदा काकांचा एक प्रिंट स्कॅन करून एका मोठ्या ऑनलाइन फोरमवर टाकला, न विचारता. काकूंचा फोटो होता, पाण्याचा पिंप भरताना, पाठमोऱ्या. कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या माणसाने खाली ही लांब टीका लिहिली. सुमित ती काकांना गच्चीवर वाचून दाखवत होता, जरा मराठी करून, आणि मजा म्हणून एक-दोन गोष्टी स्वतःच्या घालून. काकांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, डावीकडचा खांब जड आहे असं तो म्हणतो ते बरोबर आहे. बाईचा चेहरा दिसायला हवा होता हे तो म्हणत नाहीये, हे तू म्हणतोयस. तो माणूस तुझ्यापेक्षा शहाणा आहे. सुमित लाल झाला. काकू म्हणाल्या, चेहरा दाखवायचा तर आधी पिंप भरून झाल्यावर बोलवायचं मला, एक दिवसाआड तास-दीड तास पाणी येतं, त्यात हे बाथरूममध्ये दार लावून फिल्म धुणार, मी चेहरा कुठला धुवू?

हे खरंच होतं. त्यांची डार्करूम म्हणजे बाथरूम. खिडकीला काळा पुठ्ठा, कमोडवर फळी, फळीवर ट्रे. पाणी यायच्या दिवशी फिल्म. काकूंचे कपडे, काकूंची आंघोळ, सगळं त्याच्या आधी नाहीतर नंतर.

आणि आम्ही सगळे रोल त्यांच्याकडेच धुवायला द्यायचो. शिकवा म्हटलं तर शिकवायचे, पण शेवटी फिल्म धुवायचा टँक त्यांच्याच हातात. आमचे सगळे निगेटिव्ह त्यांच्या कपाटात, फायलीत, प्रत्येकाच्या नावाने. हॉस्पिटलमधल्यासारखे नंबर घालून.

आता खरी गोष्ट. हरेशच्या बिल्डिंगला नोटीस लागली. कॅम्प पाचला ज्यांना माहितीय त्यांना माहितीय, एक स्लॅब पडतो, खाली कोणीतरी जातं, मग सगळ्या जुन्या बिल्डिंगींना धोकादायक म्हणून कागद चिकटतात. हरेशच्या बिल्डिंगमध्ये पाच मजले, बावीस घरं, आजोबा-पणजोबांपासूनचे लोक. पोपडे सगळ्यांच्या डोक्यावर पडायचे, पण घर आहे ना. पावसाळ्याआधी रिकामी करा म्हणून सांगितलं. हरेश त्या रविवारी आला तो फोटो न घेताच आला. काकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, आणि म्हणाला, काय करायचं काका, सगळे जाणार, कोणी कल्याण, कोणी नागपूर, कोणाला भाड्याने मिळेल तिकडे.

काका म्हणाले, प्रत्येक दारात माणूस उभा कर. बावीस दारं. घाई नको, एक दार एक रोल गेला तरी चालेल. मी येतो.

आणि गेले ते. दोन महिने, आठवड्यातून तीन-तीन वेळा, अंबरनाथहून कॅम्प पाच. मी पण जायचे कधी सुट्टीला. कॅमेरा हरेशचा, बटण हरेशचं, पण माणसाला उभं करायचे काका. त्यांची पद्धत एकच. समोरच्याच्या खांद्याला हात लावून सरळ करायचे, दोन पावलं मागे यायचे आणि म्हणायचे, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." मग हरेश बटण दाबायचा आणि काका म्हणायचे, सोडा. त्यामुळे त्या सगळ्या लोकांचे चेहरे असे एकदम खरे, हसू पण नाही, रडू पण नाही, छाती भरलेली. तळमजल्यावर मोहिनी मासी होती, पापड लाटून विकायची, जिना चढणाऱ्या प्रत्येकाला थांबवायची. ती म्हणाली, "साईं, सांस रोक के मर जाऊंगी तो?" काका म्हणाले, नाही मरणार, मी अठ्ठावीस वर्षं रोखायला लावलाय, एकपण नाही मेला. ती दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. ती हसली नाही, तिचा मुलगा सुरेश मागे हसत होता.

काकांनी प्रत्येकाला सांगितलं, तुम्हाला फोटो मिळणार. हाताने केलेला, कागदावर, शंभर वर्षं टिकेल असा. हरेशची आयडिया होती की सगळे एकदम प्रिंट करायचे, मजल्यांप्रमाणे भिंतीवर लावायचे, म्हणजे आख्खी बिल्डिंग परत उभी. म्हणून एकेक प्रिंट काढला नाही. लोकांचं नवीन घर ठरू दे, सगळ्यांना एकत्र बोलवू, असं म्हणत थांबलो. फोनवर मारून ठेवूया का, सुमितने विचारलं होतं. काका म्हणाले, नियम आहे. हरेशपण म्हणाला, हो, नियम आहे.

बिल्डिंग पाडली. आता तिकडे पत्रे लावलेत.

त्याच वर्षात, बिल्डिंगचे फोटो चालू असतानाच, काकांचं थोडं विचित्र व्हायला लागलं. सुमितचा एकदम शार्प फोटो बघून म्हणाले, फोकस नाही. सुमित भडकला, म्हणाला काका, पापण्या मोजता येतायत. काका म्हणाले, तुला मोजता येत असतील, फोटोत नाहीत. निगेटिव्ह ते नाकाच्या अगदी जवळ धरायला लागले. आणि एक नवीन वाक्य आलं, "आजकालच्या फिल्मचा बेसच दुधाळ." आता हे जरा सांगायला लागेल. फिल्म डेव्हलप झाली की ती पांढरट असते, दुधासारखी. मग ती हायपो नावाच्या केमिकलमध्ये टाकतात. हायपो ते दूध खातो. दूध पूर्ण गेलं, फिल्म काचेसारखी आरपार झाली, की आणखी तेवढाच वेळ ठेवायची आणि मग पाण्याने धुवायची. दूध थोडं राहून गेलं तर त्या दिवशी काही कळत नाही, फोटो छान दिसतो. पण आत ते राहिलेलं असतं. महिने जातात आणि मग फिल्म तपकिरी व्हायला लागते, डाग पडतात, माणसं विरायला लागतात. हायपो जुना झाला की असं होतं. हे आम्हाला काकांनीच शिकवलेलं, दहा वेळा, मारून मुटकून. कोऱ्या फिल्मचा तुकडा हायपोत टाकायचा, किती वेळात साफ होतो ते बघायचं, वेळ लागला तर हायपो फेकून द्यायचा.

बघायचं. सगळं बघण्यावर होतं.

आणि मला दिसत होतं. हे मी आजपर्यंत कोणाला लिहून सांगितलं नाहीये. हरेशच्या बिल्डिंगचे रोल सुकायला लावलेले असताना मी उजेडात बघितले तर कडेला ढगासारखं पांढरट होतं. मी विचारलं, काका, हे असंच असतं? ते म्हणाले, बेस दुधाळ आहे बाळा, नवीन फिल्म. मी म्हटलं, अच्छा. सुमितला पण दिसलं होतं, नंतर म्हणाला. आमचे डोळे चांगले होते, पण ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं फिल्म धुतली त्याला मी काय सांगणार. गच्चीवर आम्ही एकमेकांच्या फोटोंची चिरफाड करायचो. त्यांच्या कामाबद्दल कोणी कधी बोललंच नव्हतं.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. काकू सांगून थकल्या होत्या. काका म्हणायचे, डोळ्याला पातं लावून नाही घेणार मी. मग मी मनावर घेतलं, आणि मी मनावर घेतलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीय. ट्रस्टच्या दवाखान्याचं शिबिर होतं, मी फॉर्म भरला, मी आधारची झेरॉक्स काढली, मी त्यांना रिक्षात घातलं. रस्ताभर बडबडत होते मी, बघा काका, एकदम सगळं नवीन दिसेल तुम्हाला, सुमितच्या पापण्या दिसतील. ते म्हणाले, त्या दिसल्या नाहीत तरी चालेल. एकच डोळा केला आधी. पट्टी काढली त्या दिवशी आम्ही सगळे घरी होतो, काकूंनी गोडाचा शिरा केला होता. काका भिंतीकडे बघत होते.

"सुमन, ही भिंत निळी आहे?"

काकू म्हणाल्या, दोन वर्षं झाली निळी आहे. तुम्हीच रंगवून घेतली, पांढरी समजून.

हसलो सगळे. काकापण हसले. मी शिऱ्याचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, लिहिलं काकांचा डोळा नवा. तो माझा शेवटचा आनंदाचा मेसेज होता त्या ग्रुपवर.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. रडत नव्हत्या, पण आवाज तसा होता. म्हणाल्या, कपाट उघडून बसलेत सकाळपासून, जेवत नाहीत, हरेशला घेऊन ये.

आम्ही गेलो तेव्हा काका खिडकीशी बसले होते, ऑपरेशनचा काळा चष्मा बाजूला ठेवलेला, जो डॉक्टरने काढू नका सांगितलं होतं. मांडीवर फाईल. सगळ्या खोलीत निगेटिव्हच्या पट्ट्या. त्यांनी हरेशला एक पट्टी दिली. हरेशने वर धरली. मी मागून बघितलं. दार दिसत होतं. दारात तपकिरी डाग, आणि डागाच्या खाली दोन पाय.

काकांनी त्याच आठवड्यात नवीन हायपो आणला आणि सगळे रोल परत धुतले. पाणी यायच्या दिवशी, एकेक करून, डोळ्यात थेंब घालत. राहिलेलं दूध गेलं, डाग गेले नाहीत. जे विरलं होतं ते परत कसं येणार. बावीस दारांपैकी पाच वाचली. त्यातल्या दोन दारांत कुलूप होतं, ती माणसं आधीच गेली होती म्हणून नुसत्या दाराचा फोटो काढला होता. बाकीचं आमचं सगळ्यांचं थोडंफार गेलं, माझे दोन रोल, सुमितचे तीन, पण ते काय, कुत्रे, नदी, विजेच्या तारा. परत काढता येतील. हरेशचं परत काढता येणार नव्हतं. दारंच नव्हती.

मग पुढचा रविवार. आम्ही जायचं का नाही हेच ठरत नव्हतं. काकूंनी फोन करून बोलावलं. गच्चीवर गेलो तर काकांनी नेहमीचं टेबल मांडलेलं, वर पांढरी चादर, चादरीवर बावीस पट्ट्या ओळीने. काका स्टुलावर, हात मांडीवर.

म्हणाले, "आज पेशंट माझा आहे. मी बोलणार नाही. लहानापासून सुरू करा."

सुमित म्हणाला, काका, सोडा ना. काकांनी मान हलवली. म्हणजे सुरू करा. मला वाटलं पळून जावं खाली, चहा करायला. पण बोलायला तर मलाच लागणार होतं. मी पट्टीकडे बघत म्हटलं, ढग दिसतायत. मग म्हटलं, मला तेव्हापण दिसले होते, काका. सुकायला लावलेले तेव्हाच.

काकांनी त्यांचा नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक. "मग बोलली का नाहीस?"

मी चादरीची कड सरळ करत राहिले. त्यांनी परत नाही विचारलं. सुमितने नुसतं 'मलापण' म्हटलं आणि खाली बघत बसला.

हरेश उरला. त्याने बरोबर तळमजल्याची पट्टी उचलली. आम्हाला माहीत नव्हतं तेव्हा. त्याने सांगितलं, हिंदीत गेला होता तो.

"मोहिनी मासी गुजर गई काका, पिछले महीने, नागपूर में. सुरेश का फोन आया था, मम्मी का वो दरवाजेवाला फोटो भेज दो, शोक बैठक में रखना है. मैंने बोला, बन रहा है. आप ही के पास बन रहा था ना."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने पट्टी परत जागेवर ठेवली, कडेला धरून, जशी काकांनी शिकवली होती. आम्ही त्यांच्याकडे बघत होतो, की आता त्यांनी बोलायचं, सगळ्यांचं झालं, आता ज्याचा फोटो त्याची पाळी. काका उठले आणि जिना उतरून खाली गेले. बाथरूमच्या खिडकीवरचा पुठ्ठा फाडल्याचा आवाज आम्हाला गच्चीवर आला.

त्यानंतर गच्ची बंद. मी दोनदा गेले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करा म्हणून सांगायला गेले, नाही म्हणाले, एकाने भरपूर दिसतंय. मी माझा नवीन प्रिंट नेला होता, एका दुसऱ्या लॅबमधून करून आणलेला. त्यांनी हातात घेतला, खिडकीसमोर धरला नाही, तसाच परत दिला. म्हणाले, बरं आहे. मी पायऱ्या उतरेपर्यंत सावरले, मग नाही.

ग्रुप चालू आहे, वाढलाय, पन्नासेक लोक आहेत, सगळे एकमेकांना मस्त म्हणतात.

शेवटचं बघितलं ते ह्या थंडीत, हरेशच्या बहिणीच्या सगाईला, कॅम्प पाचच्याच एका हॉलमध्ये, दुपारी. हरेशने काकांना स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. मला वाटतं त्याला खरंच ते यायला हवे होते. काका-काकू आले, काका पांढऱ्या शर्टात. आणि बिल्डिंगमधले सगळे आले होते. कल्याणहून, नागपूरहून, एक कुटुंब तर पार इंदोरहून. बिल्डिंग पाडल्यावर पहिल्यांदा सगळे एका ठिकाणी. हरेशने त्यांच्यातल्या कोणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय.

मग ते एकेक करून काकांकडे यायला लागले. अंकल, पहचाना? तिसरा माळा. अंकल, हमारा फोटो? एक म्हातारे काका तर पाया पडायला वाकले. गमरे काका प्रत्येकाचा हात हातात घेत होते आणि काहीतरी पुटपुटत होते, मला लांबून ऐकू येत नव्हतं. मग सुरेश आला. मोहिनी मासीचा सुरेश. मी तोपर्यंत जवळ पोचले होते.

"अंकल, मम्मी का फोटो?"

काका म्हणाले, "खराब झाला. माझ्या हाताने झाला."

सुरेशला वाटलं प्रिंट खराब झाला. तो हसला, एकदम मोकळा, आईसारखा. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे टेन्शन नहीं अंकल. निगेटिव्ह तो है ना आपके पास? दूसरा बना देना, आराम से."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात स्टेजवरून हाक आली, बिल्डिंगवाले सगळे या, एक ग्रुप फोटो. सगळे धावले, सुरेश काकांना पण ओढत घेऊन गेला. हॉलचा फोटोग्राफर होता एक पोरगा, गळ्यात दोन कॅमेरे. तो लोकांना लावत होता, लंबेवाले पीछे, बच्चे नीचे. मग त्याने कोणालातरी विचारलं असावं की हे कोण, बिल्डिंगचे का, कारण तो म्हणाला, "व्हाइट शर्ट अंकल, आप जरा साइड में. सिर्फ फॅमिली."

हरेश स्टेजवर नव्हता, जेवणाकडे बघत होता. सुरेश काहीतरी म्हणायला लागला, पण काका आधीच हलले होते. एक पाऊल बाजूला. पोरगा कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, थोडा और. काका आणखी सरकले, स्टेज उतरले. थोडा और, म्हणाला तो, हात दिखता है. काका खुर्च्यांच्या रांगेतून मागे गेले, बसलेल्या लोकांना सॉरी म्हणत, काचेच्या दारापर्यंत, आणि मग दार ढकलून बाहेर. स्टेजवर फ्लॅश पडला. एक और, म्हणाला तो, सगळे हसले.

काचेतून दिसत होतं. काका रस्त्याच्या कडेला उन्हात उभे होते, हॉलकडे पाठ करून, चपला घालायच्या राहिल्या होत्या. काकूंनी नुकतंच ताट घेतलं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं, ताट तसंच टेबलावर ठेवलं, चपलांच्या ढिगातून आपल्या आणि त्यांच्या चपला शोधल्या आणि हातात घेऊन बाहेर गेल्या.